भाऊंच्या अंगणातलं गाऱ्हाणं

माजी आमदार रमाकांतभाऊ तोडणकर टीव्हीवर दिसले की विमला आवाज बंद करायची आणि नुसतं तोंड बघायची. तीन पक्ष फिरून झाले, शेवटच्या निवडणुकीत स्वतःच्या वाडीनंसुद्धा मतं दिली नाहीत, तेव्हा हा बाबा झाला राजकीय विश्लेषक! कपाळाला आठ्या घालून अख्ख्या महाराष्ट्राला नीतिमत्ता शिकवतो. लाज म्हणून नाही मेल्याला.

तिचा जीव जळायचा तो पोरापायी, समर्थपायी. बंदरातला गाळ काढा म्हणून भाऊंनी रास्ता रोको केला, हातात कर्णा घेऊन "पेटवा रे टायर!" म्हणून ओरडले, आणि पोलिसांची गाडी दिसताच मागच्या गल्लीनं पसार झाले. अडकला टायर पेटवणारा समर्थ. आता त्याला बोटीवर नोकरी लागत होती, पण केस अंगावर असताना पोलिसांचा दाखला कोण देणार? वकील म्हणाले, 'पेटवा म्हणून सांगणारा मी होतो' एवढं भाऊंनी कबूल केलं, तर पोरगा सुटायची आशा आहे. विमला हात जोडून गेली. भाऊ म्हणाले, "वैनी, मी आता तटस्थ असतो." आणि त्याच संध्याकाळी चॅनेलवर "रस्ते अडवणाऱ्या गुंडांना माफी नको!" म्हणून टेबल बडवलं.

शिमग्यात देवाची पालखी घरोघर फिरत भाऊंच्या अंगणात आली. भाऊ सोवळं नेसून, गळ्याशी माइक अडकवून तयारच. मोबाइलवर सगळं लाइव्ह चाललेलं, जगाला कोकणची संस्कृती दाखवायची होती ना! विमलानं वाटेतच भिकाजी गुरवाला गाठून काय ते सांगितलं होतं.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, या घराला सुखी ठेव रे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"आंब्याला फळ धरू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भाऊंचा आवाज सगळ्यांच्या वर.

"भाऊंच्या सांगण्यावरनं टायर पेटवून जो पोर केसमध्ये अडकला, त्या समर्थाला सोडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भाऊंच्याही तोंडून गेलं, तेही माइकवर. लहानपणापासूनची जीभ ती, थांबते होय!

अंगणात कुणीतरी फिसकन हसलं. भाऊंचा चेहरा उतरला. घाईघाईनं त्यांनी व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर अर्ध्या रत्नागिरीच्या मोबाइलवर तो पोचला होता. वकिलांच्याही.

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः विमलाच्या पडवीत हजर. चॅनेलवाल्यांचे फोन वाजत होते, ते उचलत नव्हते.

"वैनी, ते कोर्टात दाखवू नका. मी सवयीनं बोललो हो."

विमलानं तांदूळ निवडायचं थांबवलंसुद्धा नाही.

"सवयीनं तुम्ही जन्मभर खोटं बोललात. खरं एकदाच बोललात, तेही चुकून. तेवढं तरी माझ्या पोराच्या कामी येऊ दे. व्हा चालते."