रेषेच्या अलीकडे

आमच्या मामंजींना फ्रेंच माणूस नजरेसमोर नको असायचा. तरुणपणी ते बर्लिनला प्रशियाच्या राजाच्या पलटणीत होते, आणि तेव्हा आमच्या न्यूशातेल प्रांतावरही त्याच राजाचा हक्क होता. पुढे आम्ही पुरते स्विस झालो, राजानंसुद्धा आपला हक्क सोडून दिला. मामंजींनी काही राजाला सोडलं नाही.

म्हणून प्रशियाकडून हरलेलं फ्रेंच सैन्य १८७१च्या फेब्रुवारीत आमच्या ले व्हेरिएर गावाच्या सीमेवर आलं, तेव्हा ते शेगडीपाशी बसून म्हणाले, "बरी जिरली!"

"मामंजी, माणसं गारठून मरताहेत तिकडे. सूप नेते मी."

"माझ्या घरातला बटाटासुद्धा जाणार नाही त्यांना, झेली!"

मी पळी-वाडग्यांसकट पातेलं उचललं आणि तरातरा निघाले. म्हातारा मागोमाग, पातेलं परत आणायला.

सीमेवरच्या चौकीपाशी पोचलो आणि मी भांडायचंच विसरले. दरीभर माणसं होती, पायांना चिंध्या गुंडाळलेली. उपाशी घोडे एकमेकांच्या शेपट्या चावत होते. आमचा नियम एकच, हत्यार टाका आणि आत या. बंदुकांचा ढीग छपराला टेकला होता. समोर आमचे मूठभर गाववाले पहाऱ्याला, त्यांत माझा नवरा नुमा, आणि एवढं अफाट सैन्य त्यांचं निमूट ऐकत होतं. आमची ती एवढीशी रेषा, बर्फाखाली धड दिसतही नव्हती, आणि लढाई तिच्यापाशी येऊन थांबत होती!

तेवढ्यात बंदूक टाकून एक लंगडा फ्रेंच आत आला, आणि त्याच्या पाठोपाठ तलवार उगारलेला एक प्रशियन घोडेस्वार.

"थांब!" नुमा ओरडला. त्यानं नेम धरला, पण चाप ओढला नाही. गोळी झाडावी, तर उद्या प्रशियाचं सैन्य आमच्या दारात. न झाडावी, तर हा नि:शस्त्र माणूस आमच्याच भूमीवर कापला जाणार.

मामंजी मध्ये जाऊन उभे राहिले आणि जर्मनमध्ये असे काही गरजले की घोडाच बिचकून थांबला. त्यांचं काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं.

"बाजूला हो म्हाताऱ्या! मी राजाचा शिपाई आहे."

"मीही होतो, तू जन्मायच्या आधी. खाली उतर. हे स्वित्झर्लंड आहे."

"तू कुणाच्या बाजूचा?"

"दिसत नाही? उभा आहे तिथलाच. टाक ती तलवार."

स्वारानं मागं वळून पाहिलं, आपण सीमा ओलांडून आलोय हे त्याला उमगलं असावं. मग उतरला. फ्रेंच बंदुकांच्या ढिगावर राजाची तलवार खणकन पडली आणि नुमा त्याला चौकीत घेऊन गेला. बारा वर्षं ज्या माणसाशी भांडले, तो मला त्या दिवशी डोंगराएवढा दिसला.

मामंजींनी माझ्या हातातली पळी ओढून घेतली, वाडगा भरला आणि बर्फात बसलेल्या त्या लंगड्यापुढे धरला. तो रडत त्यांच्या हाताचे मुके घेऊ लागला.

"हात सोड," मामंजी खेकसले. "तुम्ही हरावं म्हणून रोज देवाला साकडं घालत होतो मी. पी, गरम आहे तोवर."