बिनआवाजी मोटर

सरहद्दीवरच्या कॅसलरॉकहून गोव्याला जाणारी आगगाडी बंद होऊन दोन वर्षं झाली होती. मी रेल्वेत डब्यांतल्या दिव्यांचं काम करायचो. निवृत्त झाल्यावर तिथल्याच एका शेडच्या पडवीत मुलांना शिकवू लागलो. पावसाळ्यात पडवीत पाणी शिरायचं आणि शाळा बंद पडायची.

दत्तात्रयशेठ लाकडाचे कंत्राटदार. त्यांच्या लाकूड कापायच्या गिरणीमागं एक कौलारू गोदाम होतं, आणि त्यात इंजिन फुटलेली एक लांबलचक विलायती मोटर धूळ खात होती.

"मास्तर, ही विजेवर चालवून दाखवा," शेठ म्हणाले. "पावसाआधी गोदाम तुमच्या शाळेला."

डब्यांखालचे वीज साठवणारे जुने सेल आणि चाकावर चालणारा एक डायनामो त्यांनी लिलावातून आणवला. मी मुलांना विचारलं, "चाक फिरलं की हा वीज देतो. आता यालाच वीज दिली तर?"

काशी डोंगरात गुरं राखणाऱ्या कान्हूची मुलगी. ती म्हणाली, "त्यो चाक फिरवंल?"

त्या दिवसापासून वर्गातली अकराही मुलं कामाला लागली. चार महिन्यांनी मोटर हलली, पण मागं.

"मास्तर, म्हशीवानी मागं सरतीया!" त्यांच्यातला झिलू ओरडला. त्यानं सेलांची टोकं उलटी जोडली. तरी मागंच! मी काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी काशीला उमगलं. डायनामोत तारेची वेटोळी दोन ठिकाणी असतात. दोन्हींतली वीज उलटली तर फिरणं तेच राहतं, एकीकडचीच उलटायची. मोटर पुढं निघाली.

शेठ पुढं बसले, मुलं मागं फळीवर. रानातल्या वळणावर सांबराची मादी पिलासह उभी होती. आम्ही दहा हातांवर आलो तरी ती चरतच राहिली.

"अस्सं!" शेठ हळूच म्हणाले. "इंजिनाचा आवाज आला की पळायची. उद्या बंदूक आणतो."

मोटर कशासाठी हवी, हे चार महिन्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

सकाळी काशी बैलाच्या गळ्यातली लाकडी घंटा घेऊन आली. "आमी हिच्याबिगर बैल रानात सोडत न्हाई. कोण येतंय ते जनावराला कळाया पायजे."

मी ती मागच्या आसाला तारेनं आवळली. मुलांना हात लावू दिला नाही.

शेठ बंदूक घेऊन आले. मोटर चालू होताच घंटा खडखडली. ते खाली उतरले.

"काढा ती, मास्तर."

"ती निघाली तर सेल भरायला मी येणार नाही. एक फेरी झाली की मोटर बसेल."

त्या भागात ते काम जाणणारं दुसरं मोठं माणूस नव्हतं. पण शेठ हसले आणि झिलूकडं वळले. "तुला येतंय की रे सेल भरायला! मास्तरांनीच शिकवलंय. शाळेला गोदाम पायजे ना?"

शिकवलेलं परत घेता येत नाही. सेलांत पाणी कसलं घालायचं, किती, सेल भरल्याचं कशावरून ओळखायचं, झिलूला सगळं येत होतं. आणि गेल्या पावसात त्याचंच पुस्तक वाहून गेलं होतं. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो माझा चेहरा वाचून बोलला असता.

"येतंय," झिलू म्हणाला. "पर न्हाई भरणार."

शेठनी गोदामाची किल्ली खिशात टाकली.

आषाढात पडवीत पुन्हा पाणी आलं. या वेळी शाळा बंद ठेवली नाही. भिंतीला चिकटून बसलो.

"मास्तर," झिलूनं विचारलं, "सेल आता मेलं असतील?"

"हो."

"एकदम मरत्यात?"

"नाही रे. हळूहळू. आतल्या पत्र्यांवर पांढरं चढत जातं."

"कसं, ते दावा की."

मी पाटीवर पत्रे काढू लागलो. पावसाच्या तुषारांनी ते दोनदा पुसले. तिसऱ्यांदा काढताना काशीनं पाटीवर हात आडवे धरले.