पहिली दहा चित्रं

घरात दोन संगणक होते आणि दोन्हींतल्या ग्राफिक्स कार्डाचं नाव एकच होतं, अगदी आकड्यासकट. एक सूनबाईचा लॅपटॉप, तो जेवणाच्या टेबलावर असायचा. दुसरा माझ्या मुलाने स्वतः सुटे भाग आणून जोडलेला मोठा संगणक, आतल्या खोलीत. मुलगा चार महिन्यांपूर्वी हृदयविकाराने गेला. तेव्हापासून सूनबाईने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. मी रोज सकाळी तिथे झाडून घ्यायचो आणि दार लोटून बाहेर यायचो. त्यावर कुणी काही बोलत नसे. खरं तर कशावरच फारसं बोलणं होत नसे.

सूनबाईचं काम अजून न बांधलेल्या इमारती दाखवण्याचं. आराखड्यावरून ती अशी फिल्म करते की आपणच दारातून आत चालत गेलो असं वाटावं. या वेळी एक वाचनालय होतं. चार महिन्यांतलं हे पहिलंच काम. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत फिल्म पोचली नाही, तर कंपनी ते दुसऱ्या कुणाला देणार होती आणि हिला पुन्हा विचारणार नव्हती. हे तिने मला उद्या ऊन पडेल की नाही हे सांगावं, तशा आवाजात सांगितलं.

फिल्म म्हणजे एकामागून एक अठराशे चित्रं. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, हे सगळं गणित करून ग्राफिक्स कार्ड एकेक चित्र तयार करतं. सकाळी नऊला तिने लॅपटॉपवर काम लावलं, पहिली दहा चित्रं घड्याळ लावून मोजली. एका चित्राला चाळीस सेकंद.

"वीस तास," ती म्हणाली. "पहाटे पाचला होईल." आणि भांडी घासायला गेली.

माझी नात दहा वर्षांची. सारखी काही ना काही गोळा करत फिरते, म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणतो. शाळेला सुट्टी होती. ती वही घेऊन लॅपटॉपसमोर बसली. मोजायला सांगितलं की तिला दुसरं काही लागत नाही. ती सवय माझीच. पस्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं.

बाराच्या सुमारास तिने हाक मारली. "आई, तीन तासांत दोनशे सत्तर चित्रं व्हायला हवी होती ना?"

"हं."

"एकशे शहाऐंशीच झालीत. आणि हा विमानासारखा ओरडतोय."

"ओरडू दे."

मी चष्मा लावून वही पाहिली. मुंगीने दर पंधरा मिनिटांनी नोंद केली होती. चाळीस, एक्केचाळीस, त्रेपन्न, मग पासष्ट. पुढे सगळीकडे पासष्ट.

"या वेगाने उद्या संध्याकाळचे पाच वाजतील," मी म्हणालो.

सूनबाई हात पुसत आली. आकड्यांकडे बघत उभी राहिली. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"आजोबा, पण बाबांच्या संगणकातपण हेच कार्ड आहे," मुंगी म्हणाली. "मग तेपण दमणार?"

"तुमच्या वर्गात एकाच नावाच्या दोन मुली आहेत?"

"तीन आहेत."

"तिघी सारख्याच धावतात?"

"एक तर धावतच नाही. डबा खात बसते."

"तसंच हे. लॅपटॉपचं कार्ड पातळ पेटीत कोंबलेलं असतं. त्याला वीजही बेतानेच देतात, नाहीतर ते भाजून निघेल. सकाळी ते गार होतं म्हणून पळालं. तापलं तसं त्याने आपणहून पाय आवरले. मोठ्या संगणकातलं कार्ड विटेएवढं असतं. त्याला वीज दुप्पट-तिप्पट मिळते, वर तीन पंखे. नाव एक, पण राहणीमान वेगळं."

"म्हणजे आईने मोजलं ते चुकलं?"

"मोजलं बरोबर, पण फार लवकर. शितावरून भाताची परीक्षा करतात खरी, पण भात शिजायला ठेवल्याबरोबर नाही करत."

"माहीत होतं मला," सूनबाई म्हणाली. "एवढी वर्षं हेच करतेय, बाबा. तापल्यावर मोजायचं असतं. मोठं काम असलं की हे म्हणायचे, तू नुसता पेनड्राइव्ह दे आणि झोप." तिने वही मिटून मुंगीला दिली. "मला वीस तास हवे होते. दहा चित्रांत मिळाले, म्हणून अकरावं मोजलं नाही."

शाळेत मी मुलांना हजारदा सांगत असे की उत्तर आधी ठरवून मोजायला बसू नका. तिला ते सांगितलं नाही.

"आतला संगणक उचलून बाहेर आणून देऊ?" मी विचारलं.

"तुमची पाठ आणि त्या तारा! अर्धा तास त्यातच जाईल."

तिने पेनड्राइव्ह घेतला आणि खोलीत गेली. आम्ही दोघं दारात उभे राहिलो. तिने बटण दाबलं. पंखे हळू आवाजात फिरू लागले. खुर्ची मुलाच्या उंचीला लावलेली होती. ती बसली, तर तिचे पाय जमिनीला टेकेनात. ते तसेच लोंबकळत राहिले.

"आई, हा पुढून करतोय तर तू मागून लाव," मुंगी म्हणाली. "शेवटच्या चित्रापासून. मग मध्ये कुठेतरी भेटतील."

सूनबाईने तसंच लावलं. पहिल्या चित्राला तीस सेकंद लागले. मुंगीने पेन्सिल उचलली.

"आत्ता नको लिहू. एक तास जाऊ दे," सूनबाई म्हणाली.

तो तास ती तिथून उठली नाही. पडद्यावर वाचनालयाची रिकामी कपाटं एकेक करून उमटत होती. मी चहा नेऊन ठेवला, तो निवला.

"रडू येईल असं वाटलं होतं," ती पडद्याकडेच बघत म्हणाली. "काहीच येत नाही."

"नाही येत कधीकधी," मी म्हणालो.

तासाने मुंगीने मोजलं. एकतीस सेकंद. पुन्हा मोजलं, तीस. मग तिने दोन्ही यंत्रांचा मिळून हिशेब मांडला. रात्री पावणेदहाला संपणार होतं.

"तुझे बाबा इथे बसून काय करायचे गं, हे चालू असताना?" सूनबाईने विचारलं.

"काही नाही. मांडी घालून बसायचे."

तिने पाय वर घेतले.

रात्रीतून दोन्हीकडची चित्रं जोडून झाली आणि सकाळी आठला फिल्म गेली. नऊला उत्तर आलं: मिळाली, पुढचं काम सोमवारी पाठवतो. तिने ते मला वाचून दाखवलं, कालच्याच आवाजात.

"मोठी कामं आता आतच लावीन," ती म्हणाली. "तिथे पंखे बरे आहेत."