कागदावरची श्रीमंती

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही गोष्ट संपेपर्यंत दुसऱ्याच कुणाला तरी शिव्या घालत बसाल.

बावीस वर्षं मी आमच्या पतपेढीच्या काउंटरवर बसते. पतपेढी म्हणजे काय, तर रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तीन टेबलं, एक तिजोरी, आणि असा उभा जिना की वर येईपर्यंत माणूस कर्ज कशाला हवं होतं तेच विसरतो. सभासद चारशे बारा. हमाल, हातगाडीवाले, रात्रपाळीचे वॉचमन, घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या बायका. बँकेच्या काचेच्या दारासमोर ज्यांचे पाय अडखळतात, ते सगळे आमचे.

अध्यक्ष आहेत कुलूपवाले काका. कोपऱ्यावर त्यांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच तिजोरीचं कुलूप बदललं आणि वर म्हणाले, "उगाच खर्च केला गं. आत चोरण्यासारखं आहे काय?"

हसायचं म्हणून मी हसले, पण खरंच काही नव्हतं. मोठे ठेवीदार होते चार-पाच. अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून ते नव्या बँकेत गेले. उरल्या या लोकांच्या चिल्लर ठेवी, आणि त्या सगळ्या कर्जात वाटलेल्या. साठ अर्ज पडून होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लोक कंटाळून सावकाराकडे जायला लागले, महिन्याला शेकडा दहाच्या दरानं. संचालकांनी ठरवून टाकलं की वर्षअखेरपर्यंत पैसा उभा राहिला नाही तर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या संस्थेत विलीन व्हायचं. त्या संस्थेत खात्यात कमीत कमी जेवढे ठेवावे लागतात, तेवढे आमच्या निम्म्या सभासदांनी एकत्र कधी पाहिलेले नाहीत. म्हणजे विलीन होणार पतपेढी, आणि रस्त्यावर येणार ही माणसं.

तेवढ्यात काकांना एका फंडाचा पत्ता लागला. कमी उत्पन्नवाल्यांसाठी काम करणाऱ्या पतपेढ्यांना हा फंड दहा वर्षांसाठी नाममात्र व्याजावर मोठी रक्कम देतो. अट एकच. निम्म्याहून जास्त सभासदांच्या घरचं उत्पन्न महिन्याला बारा हजारांच्या आत हवं.

"ही अट आपल्यासाठीच लिहिलीय!" काका टेबलावर थाप मारून म्हणाले. "काढ सगळे फॉर्म."

मी सभासदांचे फॉर्म काढले. काका एकेक फॉर्म बघून बारा हजारांच्या आतला डावीकडे ठेवत होते, वरचा उजवीकडे. उजवीकडचा ढीग वाढत गेला, वाढत गेला आणि शेवटी कलंडला. डावीकडे फॉर्म निघाले सदतीस.

काकांनी चष्मा काढला. "अगं, आपण तर श्रीमंतांची पतपेढी चालवतोय की! मला कुणी बोललंच नाही कधी."

मला हसू आलं नाही. कारण ते आकडे माझे होते.

त्याचं असं झालं. सुरुवातीच्या काळात एक मॅनेजर होते, आता वारले बिचारे. उत्पन्नाच्या रकान्यात आकडा कमी दिसला की ते अर्ज सरळ बाजूला टाकत. समोर बाई रडायला आलेली असायची. मग मीच हळू आवाजात सांगायचे, "बाई, जरा फुगवून लिहा ना. कोण बघायला येतंय?" ते मॅनेजर गेले. नियम बदलला. अकरा वर्षं झाली, आम्ही कर्ज देताना हप्ते वेळेवर भरले का एवढंच बघतो, उत्पन्नाकडे ढुंकून बघत नाही. पण माझी जीभ! ती तेच बोलत राहिली. फॉर्म पुढे सरकवला की तोंडातून आपोआप, "जरा बरा आकडा लिहा." मी केलं मायेपोटी, पण त्या मायेनंच आता सगळ्यांचा गळा आवळला.

काकांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, "अर्जाला आठ दिवस आहेत. जा, खरे आकडे घेऊन ये."

सोपं वाटतं ना? तुम्ही जाऊन बघा एखाद्याच्या दारात, आणि म्हणा, "इथे लिहून द्या, तुम्ही गरीब आहात."

हमालांच्या मुकादमानं मला पाणी दिलं, खुर्ची दिली, सही दिली नाही. "ताई, माझ्या पोरीची सोयरीक याच आकड्यावर जमलीय. व्याही तुमचेच सभासद आहेत." वॉचमन म्हणाला, "पोरांना वाटतं बाप सुपरवायझर आहे." एका बाईनं तर दारच लावून घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मी निघाले होते घरोघर मुठी उघडायला.

चौथ्या दिवशी इस्त्रीमावशींकडे गेले. दोन गल्ल्या जिथे मिळतात तिथे त्यांचं टेबल. नवरा वारल्यापासून एकटीनं दोन पोरं मोठी केली. कपडे धुण्याचं मोठं जुनं मशीन घ्यायचं म्हणून त्यांचा अर्ज चार महिने आमच्याकडे पडून होता. इस्त्रीच्या जोडीला धुलाई सुरू केली तर कमाई दुप्पट होणार होती. त्यांच्या फॉर्मवर उत्पन्न होतं बावीस हजार. मला माहीत होतं, दहाही नाहीत.

"हळू बोला!" त्यांनी इस्त्री आपटली. "समोर बघा कोण बसलंय."

समोर त्यांची धाकटी जाऊ बसली होती. तिचं बटणं, चेनी, दोरे विकायचं छोटं दुकान. नऊ वर्षांपूर्वी घराच्या वाटणीवरून दोघींचं वाजलं होतं. तेव्हापासून समोरासमोर धंदा करायचा, पण बोलायचं नाही.

"तिच्यासमोर मी म्हणू माझ्याकडे काही नाही म्हणून? जीव गेला तरी नाही. आणि हो, एवढ्या दारोदार फिरताय, तुमचा स्वतःचा फॉर्म भरलात का नवा?"

मी तणतणत निघाले. म्हटलं, बाईला काय तोंड आहे! रस्ताभर मनात त्यांच्याशी भांडले. घराशी आले तेव्हा राग उतरला आणि नुसती लाज उरली. कारण माझा फॉर्म मी भरला नव्हता.

माझ्या नवऱ्याचा कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडला. मी माहेरी, शेजारी, ऑफिसात सगळीकडे सांगते, ते घरून काम करतात. खोटं नाही ते. घरातलंच काम करतात, भांडी तर माझ्यापेक्षा चांगली घासतात. पण पगार येतो तो माझा एकटीचा, अकरा हजार. फॉर्मवर मात्र अजून सव्वीस हजार होते, दोघांचे.

त्यांना विचारलं, "लिहू का?"

ते म्हणाले, "लिही. मला आता लपायचाही कंटाळा आलाय." आणि मला एकदम रडू आलं. दोन वर्षांत आम्ही दोघं या विषयावर पहिल्यांदाच बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी मी माझा नवा फॉर्म पतपेढीच्या नोटीस बोर्डावर टाचणीनं लावला. नाव, पत्ता, उत्पन्न अकरा हजार, खाली सही. बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं: "फुगवून लिहायला मीच शिकवलं होतं. माफ करा. आता खरं लिहायला या."

दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग मुकादम आला. बोर्ड वाचला, पुन्हा वाचला. "साहेब घरीच असतात म्हणजे?" मी म्हटलं, "हो." त्यानं पेन मागितलं. संध्याकाळी जिन्यावर रांग लागली होती. लोक येत, बोर्ड वाचत, माझ्याकडे बघत आणि निमूट लिहीत. कुणीकुणी लिहिताना एवढा मोठा श्वास सोडत, जसं काही डोक्यावरचं ओझं खाली ठेवलंय. शेवटच्या दिवशी दिवेलागणीला इस्त्रीमावशीही आल्या. फॉर्म भरला, घडी घातली आणि दम दिला, "हे कुणाला कळलं तर बघा." एकशे चौऱ्याण्णव नवे फॉर्म झाले. आधीचे सदतीस धरून दोनशे एकतीस. काकांनी स्वतः जाऊन अर्ज दिला.

तीन आठवड्यांनी फंडाच्या तपासनीस मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सपाट चपला, चहा नको, पंखा नको. सगळे फॉर्म चाळले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"एकशे चौऱ्याण्णव माणसं एका आठवड्यात गरीब झाली? पूर आला होता की भूकंप?"

काका काहीतरी सावरून घ्यायला गेले. मी म्हटलं, "थांबा काका, माझं मला बोलू दे." आणि जे तुम्हाला सांगितलं तेच सगळं मॅडमना सांगितलं.

"असं मला कुणीही सांगेल," त्या म्हणाल्या. "मी पाच फॉर्म काढते. त्या पाच जणांकडे आत्ता जायचं. एकाचंही बोलणं कागदाशी जुळलं नाही तर अर्ज परत."

त्यांनी गठ्ठ्यातून डोळे मिटून पाच कागद ओढले. चौघांचं जुळलं. मुकादमानं तर रेशनच्या पिशव्यासुद्धा उघडून दाखवल्या. पाचवा कागद मी बघितला. इस्त्रीमावशी!

आम्ही पोचलो ती ऐन गर्दीची वेळ. तीन गिऱ्हाइकं उभी, आणि समोर दुकानात जाऊ बसलेली, कान इकडे लावून. मावशींना मी खुणेनंही काही सांगू शकत नव्हते, मॅडम माझ्याकडेच बघत होत्या.

"मावशी, मी फंडाकडून आलेय. महिन्याला किती मिळतात?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग समोर बघितलं. शर्टाच्या कॉलरवर इस्त्री तशीच राहिली. मला वाटलं, आता ही बाई म्हणणार बावीस, आणि संपलं. साठ अर्ज संपले, चारशे बारा माणसं संपली. आणि खरं सांगते, ती तसं म्हणाली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

"मावशी, कपडा जळेल," गिऱ्हाईक म्हणालं.

मावशींनी इस्त्री उचलून उभी केली. "नऊ हजार दोनशे," त्या म्हणाल्या. हळू नाही, चांगल्या खणखणीत आवाजात. "सुट्ट्यांत लोक बाहेरगावी जातात तेव्हा सातच. लिहिलंत?"

"लिहिलं," मॅडम म्हणाल्या.

"मग पुढचंही लिहा. या पतपेढीतून चार कर्जं काढली, चारही फेडली. एक हप्ता चुकला नाही. आमचे हे गेले त्या महिन्यातही नाही."

मॅडम घोटाळल्या. "त्याला फॉर्मवर रकाना नाही, मावशी."

"मग पाडा! मिळतात किती ते विचारायला रकाना, आणि फेडलं किती ते विचारायला नाही? कुणा शहाण्यानं केलाय हा फॉर्म?"

मॅडमनी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या. चांगल्या चार ओळी लिहिल्या. मग पेनाचं टोपण लावून मला म्हणाल्या, "माझ्याकडून मंजुरी आहे. पैसे पुढच्या महिन्यात येतील." मी तिथेच धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसले, आणि मावशी ओरडल्या नाहीत.

तेवढ्यात समोरून मला हाक आली.

"ताई, माझाही फॉर्म चुकलाय." जाऊ उठून दुकानाच्या पायरीवर आली होती. "त्यावर सोळा आहेत. मला आठ मिळतात."

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. नऊ वर्षांनी तिच्याशी बोलल्या. "आठ? सगळ्या गल्लीत तर सोळा सांगत फिरतेस!"

"तुम्ही बावीस सांगायचात, जाऊबाई. मग मी काय आठ सांगू?"

गिऱ्हाईक शर्ट विसरून उभं होतं. मावशींनी टेबलाखालचं स्टूल पायानं बाहेर ओढलं, पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "ये. बस इथे. उन्हात उभी राहू नकोस."