पावाच्या गाडीतला कैदी

“पटायचं नाही तुम्हाला. मी सांगतोय आणि तरी पटायचं नाही, कारण आजवर कुणालाच पटलेलं नाही,” असं म्हणून खटकेबुवांनी शाळेच्या व्हॅनच्या सरकत्या दाराचं आतलं पॅड दोन स्क्रूंवर लोंबकळत ठेवलं आणि उलट्या डब्यावर ऐसपैस बैठक मारली.

समोर उभ्या असलेल्या व्हॅनवाल्या ताईंनी घड्याळात पाहिलं. शाळा सुटायला दीड तास होता आणि दार सकाळपासून दोरीने बांधलेलं होतं.

दार लागत नाही, दार उघडत नाही, डिकी अडकली, खटका बसत नाही, एवढंच काम उभ्या जन्मात केलं म्हणून बुवांना हे नाव पडलं. इंजिनाला त्यांनी कधी बोट लावलं नाही. तेल ढोसायचं, धूर ओकायचा आणि भररस्त्यात बसकण मारायची, असल्या व्यसनी वस्तूची सेवा करणाऱ्यांना ते माणसांतच धरत नसत. आणि त्यांच्याच शेडचा निम्मा भाग नेमका असल्या एका सेवेकऱ्याने अडवला होता. तो बायकोचा सख्खा धाकटा भाऊ असल्यामुळे त्याला हाकलायचीही सोय नव्हती.

अलीकडे हा मेहुणा दारांनाही हात घालायला लागला होता. आणि ती बसतही होती, हे बुवांच्या पोटात दुखत होतं. सकाळी निघताना बायकोने स्पष्टच सांगितलं होतं, “त्या ताईंच्या सहा गाड्या आहेत. आज ज्याच्यावर विश्वास बसेल त्याच्याकडे सहाच्या सहा येतील. त्या माझ्या भावाकडे गेल्या, तर उद्यापासून तुम्ही त्याचे पाने पुसत बसा.”

पाने पुसायचे! खटकेबुवांनी! नुसत्या आवाजावरून कुठल्या दाराचा कुठला स्प्रिंग थकलाय ते सांगणाऱ्या माणसाने!

मेहुणा एक गाडी चालवून बघायला बाहेर गेला होता. तो परतायच्या आत ताईंचा होकार काढायला हवा होता. आता कुणी म्हणेल, मग गप दार दुरुस्त करावं की! पण दार दुरुस्त करून कौतुक होतं ते दाराचं. बुवांना स्वतःचं हवं होतं.

“तुम्ही मेहुण्याकडे जाल, ताई. जा, माझं काही म्हणणं नाही,” बुवा म्हणाले. त्यांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात नखाएवढी हिरवी प्लॅस्टिकची क्लिप होती. हँडलकडून लॉककडे जी सळई जाते, ती या क्लिपने अडकवलेली असते. क्लिप निघाली की बुवा ती दातांत धरत, शिंप्याने टाचणी धरावी तशी. त्यामुळे त्यांचं बोलणं नेहमी जरा तिरकं बाहेर पडायचं. “फक्त त्या पावाच्या गाडीचं ऐका आणि मग जा.”

“काका, दार…”

“दार कुठे पळतंय? तर एक पावाची गाडी आली. मागचं दार वर उघडणारं. आत चारशे ताजे पाव, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे अख्खा लोखंडी पत्रा, म्हणजे मागून पुढे यायला मार्ग नाही. आमचे हे इंजिनपंडित पुढे झाले. लॉक काढलं, धुतलं, तेल दिलं, परत बसवलं. पॅड लावलं. आठही स्क्रू पिळले. आणि मग महाराज स्वतःच आत शिरले, आणि रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाला म्हणाले, ‘जरा दार आपटा हो!’”

“आत कशाला शिरायचं?”

“अहो, ऐकायला! बाहेरून नुसता धाडकन आवाज येतो. आतून खरं कळतं. खटका दोनदा बोलला तर दार पक्कं बसलं. एकदाच बोलला तर ते अर्धवट अडकलंय, वळणावर उघडणार. हे ऐकायला कान लागतो, ताई. असा कान शंभर वर्षांत एखाद्यालाच मिळतो!”

“म्हणजे तुमच्या मेहुण्यांना कान आहे.”

“त्याला कसला कान? दोन भोकं आहेत डोक्याला!” बुवा घाईने म्हणाले. “माझं बघून नक्कल करायला गेला. तर त्या माणसाने दार आपटलं आणि तो निघून गेला. आत हे खूश. खटका दोनदा बोलला! आता बाहेर यायचं, तर सळईची क्लिप लावायचीच राहिलेली! सळई आत मोकळी लोंबतेय. हँडल ओढा नाहीतर त्याच्या पाया पडा, दार ढिम्म. आतून पॅड काढावं, तर स्क्रूड्रायव्हर बाहेर बंपरवर. तेवढ्यात ड्रायव्हर आला. दार बंद दिसलं. त्याला वाटलं, काम झालं. बसला आणि निघाला.”

ताईंना हसू आलं. बुवांना चेव चढला.

“एकवीस दुकानं फिरली गाडी! प्रत्येक दुकानदार येतो, हँडल ओढतो, शिव्या देतो. आतून हा लाथा झाडतोय. लोक म्हणाले, पाव फारच ताजे दिसतायत, अजून उड्या मारतायत! एका दुकानात गाडीला दोर बांधून बैल लावला. बैलाने मान टाकली, पण दार नाही उघडलं. शेवटी मी. सायकलवरून एकवीस दुकानं पाठलाग करत! एका म्हातारीच्या छत्रीची तार मागितली. नंबरप्लेटचा दिवा काढला, त्या भोकातून तार आत घातली, लॉकच्या जिभेला हलकेच गुदगुल्या केल्या. खट्! दार वर! आत हा पावाच्या चुऱ्यात माखलेला, डोळ्यांत पाणी, केसांत पाव. मी कपाळाला हात लावला आणि म्हणालो, ‘भावजी, उतरा आता!’”

ताईंचं हसू थांबलं. भुवया जराशा जवळ आल्या.

“एक सांगा काका. आत अडकलेला माणूस लाथा मारतो. मग ओरडला का नाही? ‘मला बाहेर काढा’ एवढं म्हणाला असता तर पहिल्याच दुकानात सुटला असता.”

“कसा ओरडणार!” बुवा कळवळून उठले. त्यांचा आवाज एकदम खरा झाला. “तोंडात क्लिप होती ना! तोंड उघडलं की पडली. मग त्या अंधारात, चारशे पावांच्या चुऱ्यात सापडायची कधी? आणि या जातीची क्लिप आता मिळत नाही कुठे. माणसाने जीव सोडावा, पण क्लिप सोडू नये! तीन तास दात आवळून… जबडा असा आखडला होता की दोन दिवस पेज…”

बुवा थबकले. गडबडीत त्यांनी हिरवी क्लिप जिभेने डावीकडून उजवीकडे सरकवली.

बाहेर एक गाडी येऊन थांबली. मेहुण्याने दार उघडलं, उतरला, आणि ते सहज मागे ढकललं. खटका दोनदा बोलला. बुवांना तो नको असताना, गाडीत न शिरताही अगदी स्वच्छ ऐकू आला.

ताईंनी बुवांच्या ओठांकडे पाहिलं, लोंबकळणाऱ्या पॅडकडे पाहिलं.

“काका, त्या गाडीत मेहुणे नव्हते. तुम्ही होतात!” त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की मेहुण्याने वळून पाहिलं. “क्लिप तर अजून तोंडातच आहे तुमच्या. आणि तार घालून दार उघडलं, ‘भावजी, उतरा आता’ म्हणाले, ते हेच ना? अहो दादा, इकडे या जरा! सहा गाड्या आहेत माझ्या.”