मंगळ न दिसणारी दुर्बीण

ज्ञानेश्वरीचा लग्नाला नकार नव्हता. काष्टीचा मुलगाही तिला बरा वाटला होता. पण त्याच्या घरच्यांनी अट घातली: मुलीला मंगळ आहे, तेव्हा आधी तिचं मडक्याशी लग्न लावा, दोष मडक्यावर जाऊ द्या, मग बोलू. आणि तिची आई बनुबाई लगेच हो म्हणून मोकळी झाली. जामखेडच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या बाईने येत्या रविवारी मडक्याला हार घालायचा होता. नुसत्या विचारानेच तिचं डोकं फिरत होतं.

आईला समजावून तिचं तोंड दुखलं होतं. मंगळ म्हणजे दगडमातीचा गोळा, असं सांगितलं की बनुबाईचं एकच असायचं, "तू बघाया गेल्तीस का?" एवढं बोलून ती दर मंगळवारी मसुराची डाळ दान करायला निघायची. शेवटी ज्ञानेश्वरीने ठरवलं, दाखवायचाच. दुर्बीण तिला कॉलेजात असल्यापासून हवी होती. मात्र एका पगारात बसेल तीच घ्यायची होती.

शनिवारी तिघं नगरला गेली. बनुबाईला पूजेचं सामान घ्यायचं होतं आणि वडील सहादेव यांना कुठल्याही खरेदीत घासाघीस करायची हौस होती. मडकं आणि चौरंग काखोटीला मारून सगळे सावेडीतल्या दुकानात शिरले.

दुकानदाराने तीन पायांवर उभी असलेली एक लांबलचक दुर्बीण पुढे केली. "साडेसहाशे पट मोठं दिसतं, मॅडम."

ज्ञानेश्वरीने तिला बोटाने टिचकी मारली. दुर्बीण जी लटलटायला लागली, ती थांबेचना. "पट राहू द्या. तोंड किती रुंद आहे ते सांगा," ती म्हणाली. कितीतरी महिने वाचून तिला एवढं कळलं होतं, की तोंड रुंद हवं, म्हणजे उजेड भरपूर येतो, आणि बूड घट्ट हवं. तसली एक बुटकी, जाडजूड, आरशाची दुर्बीण कोपऱ्यात धूळ खात होती. किंमत तेवढीच होती.

सहादेव तिच्याभोवती फिरून आले. "हिला पाय कुठं हायती?"

"लागत नाहीत, आप्पा. टेबलावर ठेवायची असते."

"एवढं पैसं मोजून बिनपायाची? ती तीन पायाची घे की."

ज्ञानेश्वरीने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात बनुबाई पुढे सरकली. "हिच्यातनं मंगळ दिसतो का?"

दुकानदार खुलला. "घरात आल्यासारखा दिसतो, मावशी."

"मग नगं. लई दिस झालं त्याला घरात येऊन."

गिऱ्हाईक हातचं जातंय म्हटल्यावर दुकानदाराने पलटी मारली. "तशी ही चंद्रासाठीच असते. मंगळबिंगळ काही दिसत नाही."

"मग हीच घे," बनुबाई म्हणाली. नसलेल्या पायांचे पैसे कमी करा म्हणून सहादेव दुकानदाराशी हुज्जत घालत राहिले, आणि ज्ञानेश्वरी लाजेने बाहेर जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी गच्चीवर नवंच संकट उभं राहिलं. प्लॅस्टिकचं टेबल दुर्बिणीखाली डुगडुगत होतं. सहादेव खाली गेले आणि चौरंग घेऊन आले.

"पूजेचा हाय त्यो," बनुबाई म्हणाली.

"मग? दुर्बीण काय चप्पल हाय?"

चौरंगावर दुर्बीण घट्ट बसली. तांबूस ठिपका सापडेपर्यंत ज्ञानेश्वरीची मान अवघडली. सापडला तसा सहादेवांचा गुडघा लागून तो निसटला. पुन्हा शोधाशोध झाली. मग तिने आईला बोलावलं, चंद्र बघायचा म्हणून नव्हे, मंगळच बघायचा म्हणून. दुकानदाराचं खोटं पुढे चालवायचा तिला कंटाळा आला होता. बनुबाई आधी मागे सरली. मग डोक्यावरून पदर घेऊन, हात जोडूनच वाकली.

"काय न्हाई दिसत."

"आई, डोळा उघड."

"उघडलाय की."

"तो नाही. भिंगापाशी आहे तो."

बनुबाईने डोळा उघडला आणि ती आणखी खाली वाकली. ज्ञानेश्वरीला वाटलं, आता ही घाबरणार, आणि उद्या मडक्याला दोन हार घालायला लावणार.

"ही मसुराची डाळ?"

"हो. तोच."

"एवढासा?" बनुबाईने जोडलेले हात सोडले. "ह्या एवढ्याशापायी मी माज्या लेकीला लोकांच्या दारात खाली बघाया लावलं?"

ज्ञानेश्वरीचं तोंड उघडलं. अगं, तो एवढासा नाही, रुंदीला पृथ्वीच्या निम्म्याएवढा आहे, फार लांब आहे म्हणून तसा दिसतो. वर्गात ती हे दरवर्षी सांगायची. सगळं जिभेवर आलं होतं.

"अवं, काष्टीला फोन लावा," बनुबाई सहादेवांना म्हणाली. "म्हनावं, पोर हाय तशी पसंत असंल तर या. आन् त्या मडक्यात पानी भरून ठिवते मी. उन्हाळा लागलाय."

ती जिना उतरू लागली. "एवढासा," अर्ध्या जिन्यात ती पुन्हा स्वतःशीच म्हणाली. ज्ञानेश्वरीने तोंड मिटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक चुकीचं उत्तर बरोबर म्हणून सोडून दिलं.