माझ्यावर भांडं होतं म्हणे

मी एक जुनी इंडक्शन शेगडी आहे. मित्रांनो, जुनी असले तरी बिघडलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. मध्यंतरी मात्र माझा स्वतःवरचा विश्वास पार उडाला होता.

चेन्नईजवळच्या एका कारखान्यात मी तयार झाले. तिथे माझ्यावर स्टीलचं पातेलं ठेवून पाणी उकळलं आणि ‘उत्तम’ म्हणून शिक्का मारला. चेन्नईतल्याच जॉर्ज टाउनमधल्या दुकानातून वेंकटने मला विकत घेतलं आणि बेंगळुरूला नेलं. त्याची बायको ऊर्मी माझ्यावर कॉफी करायची, दूध तापवायची, काम झालं की मऊ फडक्याने पुसायची. आलेल्या-गेलेल्यांपुढे माझं कौतुकही करायची. मी अगदी सुखात होते.

मग एक दिवस चेन्नईत, अड्यारच्या घरी वेंकटच्या आईच्या, म्हणजे कनकाअम्मांच्या हातून दूध उतू गेलं, आच विझली आणि गॅस तसाच सुटत राहिला. शेजारच्या राममूर्तींना वास आला म्हणून निभावलं. वेंकटने घाबरून सिलिंडर परत केला आणि त्या जागी मला आणून बसवलं.

"अम्मा, हिच्यावर जमलं तर इथं राहा," तो म्हणाला. "नाहीतर घर बंद करून आमच्याकडे चल."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच त्या म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या याच घरात होत्या.

आणि इथून माझी मती गुंग झाली. अम्मा पहाटे कॉफी करायच्या, मी झटक्यात तापायचे. मग आंघोळ करून त्या सोवळ्यात सार करायला यायच्या. नैवेद्य होईपर्यंत स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा रिवाज. त्या बटण दाबायच्या, आणि मला वाटायचं, अरे, भांडं कुठे आहे? खरंच सांगते, मला काही म्हणजे काही जाणवायचं नाही. मी टीं टीं करून ‘ई’ दाखवायचे. ‘ई’ म्हणजे वर भांडं नाही. आणि अम्मा समोर उभ्या राहून म्हणायच्या, "ठेवलंय की गे!" मग मीही गोंधळायचे. माझं काही सैल झालं, की यांचं?

एकदा तर त्यांनी माझ्या कडेला कुंकू लावलं. तरी ‘ई’च.

फोनवर वेंकट वैतागायचा. "कॉफी होते आणि सार होत नाही? असं कसं, अम्मा?" तो येऊन स्टीलचं पातेलं ठेवायचा, मी शहाण्यासारखी पाणी उकळायचे. मला तेव्हा फार वाईट वाटायचं. शेवटी तो ऊर्मीला हळूच म्हणाला, "अम्मा विसरायला लागली." सामान बांधायला खोकी आली. अम्मा माझ्याशेजारी उभ्या राहून पुटपुटल्या, "मीच विसरतें की काय?"

ऊर्मी महाराष्ट्रातली. तिला सोवळ्याची फारशी सवय नव्हती. तरी सामान बांधायच्या सकाळी ती आंघोळ करून दारात उभी राहिली. "आई, मी आत येत नाही. तुम्ही रोज करता तसंच करा, मी फक्त बघते."

अम्मांनी फळीवरून आपल्या सासूबाईंचा कथलाचा चंबू काढला. त्याला त्या ईयच्चोंबु म्हणतात. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सार त्यातच होत आलंय. चिंचेचं पाणी घालून त्यांनी तो माझ्यावर ठेवला. टीं टीं. ‘ई’.

ऊर्मीने बाहेरच्या फ्रिजवरचं चुंबक काढून धुऊन अम्मांच्या हातात दिलं. कॉफीच्या भांड्याला ते चिकटलं, चंबूवरून गळून पडलं. "आई, ज्याला चुंबक चिकटतं तेच भांडं या शेगडीला कळतं; कथील ती ओळखतच नाही. तुमचं काही चुकलेलं नाही हो!"

अम्मा खालीच बसल्या आणि रडल्या. वेंकट बाहेर जाऊन खोक्यांच्या दोऱ्या सोडू लागला.

आता सार माझ्यावर स्टीलच्या भांड्यात उकळतं आणि कढत कढत चंबूत ओततात. वास पूर्वीसारखा येत नाही, असं अम्मा म्हणतात, पण पितात.

मित्रांनो, यंत्र रुसलं तर आधी त्याच्यावर काय ठेवलंय ते बघा. आणि घरातलं म्हातारं माणूस अडलं तर त्याला पुन्हा पुन्हा शिकवण्याआधी एकदा दारात उभं राहून बघा. कारण अम्मा अजूनही माझं बटण दाबताना क्षणभर थांबतात, बोट हवेतच ठेवून. तेवढा बिघाड मात्र अजून कुणाला दुरुस्त करता आलेला नाही.